जखम उघडी ठेवून सुकवायची, की झाकायची?

ऊसतोड असो की सोयाबीनची काढणी, कोयत्या-विळ्याने कुणाचा हात कापला नाही असं घर आपल्याकडे सापडणं अवघड. रक्त थांबलं की मोठी माणसं सांगतात, उघडी ठेव, वारं लागू दे. जखम बरी झाली याला आपण ‘जखम सुकली’ असंच म्हणतो. शास्त्र मात्र १९६२ पासून उलटं सांगतंय.

त्या वर्षी लंडनचे संशोधक जॉर्ज विंटर यांचा डुकरांवरचा प्रयोग ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. डुकरं कशासाठी? तर त्यांची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच मिळतीजुळती असते. विंटर यांनी उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. उघड्या जखमांवर कडक खपली धरली. झाकलेल्या ओलसर राहिल्या आणि तिथं नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने आली.

याचं कारण असं. कापलं की रक्तातल्या प्लेटलेट गोळा होऊन रक्त गोठवतात. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. पहिले दोन-तीन दिवस जखम थोडी लाल, गरम दिसते ती त्यामुळेच. पुढे कोलॅजेनचे धागे विणले जातात आणि कडेच्या कातडीतल्या पेशी सरकत सरकत मधे येतात. सरकायला त्यांना ओल लागते. वर खपली असेल तर त्यांना खाली ओल शोधत, सुकलेल्या थराखालून वाट काढावी लागते. आता ओल म्हणजे चिखल नव्हे बरं का, वाफसा! म्हणून घरची प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, वर स्वच्छ गॉज बांधा आणि रोज बदला. हे किरकोळ जखमेसाठी. खोल जखम असेल किंवा रक्त थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठा.

मग हळदीचं काय? जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने ते लढवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पण ते रद्द झालं, कारण हा वापर आपल्याकडे जुनाच आहे. डब्यातली हळद जंतुमुक्त असते असा त्याचा अर्थ होत नाही. माती, राख, तंबाखू तर लावूच नये. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. जखमेत माती गेली असेल आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा घ्या.

शुगर असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची जखम सावकाश भरते, आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही. त्यांनी रानातून आल्यावर रोज पाय धुऊन तळवे उजेडात बघावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावं.