उलगडा की सपाटीकरण?

'समजावून सांगणे' या अर्थाचे दोन शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी नांदतात. 'एक्स्प्लेन' हा सर्वांच्या परिचयाचा. 'एक्स्प्लिकेट' हा पंडितांच्या बैठकीतला. दोघांचेही माहेर लॅटिन, पण कुळे निराळी. पहिल्याच्या मुळाशी 'प्लानुस' म्हणजे सपाट हे विशेषण आहे. दुसऱ्याच्या मुळाशी 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे हा धातू. त्याच्याआधी 'बाहेर' या अर्थाचा 'एक्स' लागला की घडी उलगडते. रोमनांचे ग्रंथ गुंडाळीच्या रूपात असत. गुंडाळी उलगडल्यावाचून अक्षर दिसत नसे. तेव्हा आशय उलगडून दाखविण्यासाठी हाच धातू योजला जावा, हे स्वाभाविकच होते. 'कॉम्प्लिकेट' आणि 'इम्प्लिकेट' हीही याच धातूची अपत्ये. एक घड्या गुंतवते, दुसरे माणसालाच त्या घडीत अडकवते!

मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. लुगड्याची घडी आणि कोडे, दोन्ही आपण उलगडतोच. गोमंतकातील जुन्या पिढीला तर हा धातू पोर्तुगीज 'इश्प्लिकार'च्या रूपाने ओळखीचा आहे. पोर्तुगालमध्ये खाजगी शिकवणी घेणाऱ्या मास्तरांना 'इश्प्लिकादोर' म्हणतात, म्हणजे उलगडून दाखविणारा. ज्ञानेश्वरांच्या गीताटीकेला 'भावार्थदीपिका' म्हणतात. तेथे कल्पना घडीची नसून दिव्याची आहे. तथापि हेतू तोच, जे आत आहे ते डोळ्यांना दिसावे. 'टीका' म्हणजे मुळात विवरण. आज तोच शब्द उच्चारताच सत्ताधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हा काळाचा महिमा.

सरकारदरबारी मात्र चलती आहे ती 'खुलासा' या शब्दाची. मूळ अरबीत त्याचा अर्थ सार, गोषवारा असा आहे, आणि आमचे राज्यकर्ते त्या मूळ अर्थाशी विलक्षण इमान राखून आहेत! प्रश्न दहा पदरी असो, खुलासा चार ओळींचा. हे उलगडणे नव्हे, सपाट करणे होय. गोव्यात डोंगर सपाट झालेले आम्ही पाहिले आहेत. प्रश्नही त्याच रीतीने सपाट होतात.

२००६ साली अधिसूचित झालेला 'प्रादेशिक आराखडा २०११' आठवावा. कोणत्या गावची शेते आणि डोंगरउतार वस्तीच्या रंगात गेले, हे लोकांना कळले ते त्यांनी स्वतः नकाशे पसरून पाहिले तेव्हा. मग 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नकाशा उलगडण्याचे जे काम शासनाचे होते, ते नागरिकांना करावे लागले.

वास्तविक २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम याबाबत निःसंदिग्ध आहे. महत्त्वाचे धोरण आखताना सर्व संबद्ध तथ्ये प्रसिद्ध करावीत. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्यावीत. माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा लक्षात घ्यावी. यासाठी कोणी अर्ज करण्याचीही अट नाही. जमिनीच्या वापरात बदल सुचविणारी प्रत्येक अधिसूचना सर्व्हे क्रमांकांच्या नुसत्या यादीऐवजी नकाशा आणि कारणे यांसह, मराठीत व कोकणीत, त्या त्या पंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, अशी आमची मागणी आहे. ग्रामसभेत ती वाचून दाखविण्यास नगरनियोजन खात्याचा अधिकारी जातीने हजर राहावा. हरकतींची मुदत त्या दिवसापासून मोजावी.