फिरत्या दवाखान्याचे चार पाय



हिशेबाच्या पानावर गाडीच्या खर्चात ‘जॅकचे तेल, सील व होज पाइप’ अशी एक ओळ असते. मंडळीतील काहींनी विचारले, “जॅक तर टायर पंक्चर झाला की लागतो. त्यावर दरवर्षी खर्च कशाला?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

हे टायर बदलायचे जॅक नव्हेत. गाडीच्या सांगाड्याला, चारही कोपऱ्यांजवळ, एकेक हायड्रॉलिक जॅक कायमचा बसवलेला असतो. पाड्यावर गाडी उभी केली की चालक बटण दाबतो, चार लोखंडी पाय जमिनीवर टेकतात आणि गाडी समतल होते. अमेरिकेत कुटुंबे ज्या मोटारहोममधून प्रवास करतात, त्यांच्याखालीही याच रचनेचे जॅक असतात. जुन्या गाडीत इंजिन धडधाकट असते, पण हे पाय थकलेले असतात.

डोंगरातल्या पाड्यावर सपाट जागा मिळणे कठीण. कुठे शाळेचे उतरते पटांगण, कुठे शेताचा बांध. गाडी तिरकी राहिली तर दाताच्या खुर्चीवरचा रुग्ण एका बाजूला घसरतो, सुईचा ट्रे सरकतो, दार आपोआप उघडते. आत माणसे चढली-उतरली की स्प्रिंगांवर गाडी डुलते. डॉक्टरांच्या हातात दात काढायचा चिमटा असताना हा डोल परवडत नाही. जुन्या मोटारहोममधला गॅसवर चालणारा फ्रीजसुद्धा गाडी फार कलती राहिली तर नीट थंड करत नाही.

यामागचे तत्त्व १७व्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी मांडले: बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. १७९५ साली इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा यांनी याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्या गाडीत बॅटरीवर चालणारी छोटी मोटर पंप फिरवते आणि पंप टाकीतले तेल नळ्यांतून जॅकच्या सिलिंडरमध्ये ढकलतो. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर असेल आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो असेल, तर तो एकटा जॅक सुमारे १,३७० किलो भार उचलतो. बटण सोडल्यावर व्हॉल्व्ह बंद होतो आणि तेल आत कोंडून राहते. पाय परत वर घ्यायचे काम अनेक जुन्या जॅकमध्ये बाहेरच्या दोन स्प्रिंगा करतात.

म्हणजे सगळी भिस्त कोंडलेल्या तेलावर, आणि ते तेल अडवतात रबराची सील. सीलचा पहिला शत्रू धूळ व चिखल. जॅकच्या चकचकीत दांड्यावर चिखल वाळला आणि तसाच तो वर ओढला गेला, तर वाळूचे कण सील कापतात. म्हणून निघण्यापूर्वी चारही दांडे स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायचे. दांड्यावर ग्रीस लावू नये. त्यावर धूळ चिकटते. कोरडा सिलिकॉन स्प्रे चालतो. गंज आला म्हणून पॉलिश पेपरने घासू नये, कारण वरचा गुळगुळीत थर गेला की तो दांडा सील खातच राहतो. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी असली तरी एकदा तरी जॅक पूर्ण खाली-वर करावेत. नाहीतर दांडे गंजतात आणि स्प्रिंगा अडकतात.

दुसरी काळजी तेलाची. टाकीतली पातळी पाहायची ती चारही पाय पूर्ण वर असताना. पाय खाली असताना बरेच तेल सिलिंडरमध्ये गेलेले असते. तेव्हा टाकी रिकामी वाटली म्हणून कोणी भरली, तर पाय वर घेताना तेल उतू जाते. अशा अनेक गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरचे लालसर तेल लागते, पण पुस्तिकेत लिहिले असेल तेच भरावे. ब्रेक ऑइल तर कधीच नाही. त्याने या सीलचे रबर फुगून खराब होते. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. काळे पडून जळका वास येत असेल तर बदलायची वेळ टळून गेली आहे. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी.

जॅक धिम्या गतीने चालू लागले की प्रथम बॅटरी तपासावी. बॅटरी उतरली असेल किंवा तारेच्या टोकाला पांढरा-हिरवा थर जमला असेल, तर मोटरला पुरेशी वीज मिळत नाही. पुष्कळदा दोष पंपात नसून एका सैल नटात असतो.

मुक्कामी गाडी असेल तर संध्याकाळी चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजून लिहावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. रात्रीच्या गारव्याने तेल आकसते, त्यामुळे चारही कोपरे थोडेसे उतरले तर घाबरू नये. एकच कोपरा खचला तर आधी पायाखालची जमीन पाहावी. जमीन ठीक असेल तर त्या जॅकचे सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहे.

गाडी उभी करतानाचे नियम थोडे आहेत, पण मोडायचे नाहीत. हँडब्रेक ओढायचा, चाकांना ठोकळे लावायचे आणि प्रत्येक पायाखाली जाड, रुंद फळी ठेवायची. काळ्या मातीत फळीशिवाय पाय रुततो. चाके जमिनीवरून उचलली जातील इतकी गाडी वर घ्यायची नाही. अनेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो. ती अधांतरी झाली की उतारावर गाडीला धरणारे काही राहत नाही. उतार फार असेल तर दुसरी जागा शोधावी. निघताना फक्त दिव्यावर विश्वास न ठेवता गाडीभोवती फेरी मारून चारही पाय वर गेले आहेत हे डोळ्यांनी पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. नुसत्या या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. एखादी नळी फुटली की टनांचे वजन क्षणात खाली येते. दुरुस्तीसाठी खाली शिरायचेच असेल तर वजन पेलणारे लोखंडी स्टँड लावलेच पाहिजेत. पाड्यावर मुले सावलीसाठी गाडीखाली बसतात. त्यांना आधी बाहेर काढून मगच बटण दाबावे, आणि दिवसभर एका स्वयंसेवकाने तिकडे लक्ष ठेवावे. गळती शोधताना नळीवरून हात फिरवू नये. दाबाखालचे तेल बारीक भोकातून सुईसारखे कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळतीचा शोध पुठ्ठ्याचा तुकडा धरून घ्यावा.

आपल्यापैकी कोणी जुनी गाडी कार्यासाठी देऊ इच्छित असेल, तर देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: जॅकची पुस्तिका आहे का, दांड्यांवर गंजाचे खड्डे आहेत का, तेलाचा रंग कसा आहे आणि रात्रभर उभी ठेवल्यावर एखादा कोपरा खचतो का. दोष असला म्हणून गाडी नाकारली जाणार नाही. मात्र तो आधी कळला तर दुरुस्ती गावातल्या गॅरेजमध्ये होईल. पाड्यावर कळला, तर पहाटेपासून चालत आलेली आई लेकराला घेऊन उपचाराविना परत जाईल. हिशेबातली ती छोटी ओळ तिच्यासाठी आहे.