जुन्या मोटारीची काच

मुंबईच्या रस्त्यांवर ‘पद्मिनी’ मोटार अनेक वर्षे टॅक्सी म्हणून धावली. २०२३ साली ती टॅक्सी निवृत्त झाली. परंतु काही शौकिनांनी आपल्या पद्मिनी अजून जपल्या आहेत. अशा मोटारीची समोरची काच पुन्हा कशी बसवतात, ते पाहू या.

ही काच रबराच्या पट्टीने चौकटीत धरलेली असते. उन्हापावसाने रबराला भेगा पडतात. त्यांतून पाणी झिरपते आणि आतील पत्रा गंजतो. म्हणून कारागीर प्रथम जुने रबर सुरीने कापून काच अलगद काढतो. मग गंज खरवडून रंग देतो. गंजाचा उंचवटा राहिला, तर तेथेच ताण पडून काच तडकते.

नंतर काचेभोवती नवे रबर चढवतात. रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी बसवून तिची टोके आतल्या बाजूस सोडतात आणि साबणाचे पाणी लावतात. एकजण बाहेरून काच तळहाताने दाबतो. दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघेल तसतशी रबराची कड पत्र्यावर चढते. एकाने जरी घाई केली, तरी काच फुटलीच म्हणून समजा!

नवी काच घेताना ती दुपदरी घ्यावी. तिच्या दोन पदरांमध्ये पारदर्शक पापुद्रा असतो. १९०३ साली बेनेदिक्तूस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचा चंबू पडला. आतल्या वाळलेल्या पापुद्र्यामुळे त्याचे तुकडे विखुरले नाहीत. त्यावरून अशा काचेची कल्पना त्याला सुचली. आज तीच काच प्रवाशांचे डोळे वाचवते.