गड चढणाऱ्यांनो, स्की बूट जरा नरमच घ्या

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर हिवाळ्याचे बेत शिजू लागतात. राजगड-तोरणा आणि हरिश्चंद्रगडाच्या जोडीला आता गुलमर्ग, औली आणि मनालीजवळच्या सोलंगचीही नावे निघतात. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. सोलंगच्या उतारांवर मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था शिकवते, तर औलीला गढवाल मंडळ विकास निगमाचे अभ्यासक्रम होतात. मोसम साधारण जानेवारी ते मार्च.

तयारीत पुणेकर कमी पडत नाही. जॅकेट, गॉगल, हातमोज्यांची खरेदी होते, सिंहगडाच्या फेऱ्या वाढतात. बुटाचा निर्णय मात्र बर्फावर पाऊल टाकण्याआधी दहा मिनिटे, भाड्याच्या दुकानात होतो. दुकानदार विचारतो, ‘कितवा नंबर?’ आपण सांगतो, ‘नऊ.’ विषय संपला. वास्तविक तिथे आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात: तुमचे वजन आणि तुम्हाला स्कीइंग कितपत येते.

ट्रेकिंगची सवय इथे आड येते

सह्याद्रीत बूट निवडण्याचे आपले शास्त्र पक्के आहे. उतरताना बोटे पुढे आपटू नयेत म्हणून अर्धा-एक नंबर मोठा बूट, आत जाड मोजे आणि घसाऱ्यावर टाच रोवत, अंग किंचित मागे ठेवून उतरणे. स्कीवर यातले सगळे उलटे होते. बूट पायाला घट्ट बसावा लागतो, मोजा एकच आणि पातळ लागतो आणि उतार कितीही तीव्र दिसला तरी अंग पुढेच झुकवावे लागते.

गिर्यारोहणाच्या बुटाशीही गल्लत नको. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे गिर्यारोहक २०१२ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये कांचनगंगेवर पोहोचले. अशा मोहिमांच्या बुटांचा कडकपणा मुख्यतः तळव्यात असतो, कारण त्याखाली क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे काटे, पक्के बसायला हवेत. स्की बुटाचा तळवाही कडक असतोच, पण निवड ठरते ती घोट्याच्या वरच्या कॉलरवरून, म्हणजे कफवरून. नडगीने पुढे दाबल्यावर हा कफ किती वाकतो, हे सांगणारा आकडा म्हणजे फ्लेक्स. बुटाच्या बाजूला ७०, ९०, ११० असा तो छापलेला असतो.

नडगीने कफच्या जिभेवर दाब दिला की तो बुटातून स्कीच्या पुढच्या भागात उतरतो, स्कीची कड बर्फात धरते आणि वळण सुरू होते. बूट तुमच्या ताकदीपेक्षा कडक असेल तर कफ हलतच नाही. गुडघा पुढे जात नाही, कंबर मागे पडते, वजन टाचांवर येते आणि स्की तुम्हाला घेऊन पळते. उलट बूट फार मऊ असेल तर दाब दिल्याबरोबर कफ कोसळतो आणि वेगात स्की थरथरू लागते. नवशिक्याला पहिला दोष जास्त महागात पडतो.

आकडा कसा ठरवायचा

ढोबळ हिशोब असा. नवशिक्या पुरुषाला ६० ते ८०, स्त्रीला ५० ते ७०. समांतर स्कीने आत्मविश्वासाने वळणाऱ्या पुरुषाला ९० ते १००, स्त्रीला ७० ते ९०. वेगात आणि खडकाळ-उभ्या उतारावर जाणाऱ्यांना ११० किंवा त्याहून जास्त. १३० आणि पुढचे बूट प्रामुख्याने शर्यतवाल्यांचे. स्त्रियांच्या पोटरीचा स्नायू सहसा थोडा खालपर्यंत येतो, म्हणून त्यांच्या बुटांचा कफही बुटका असतो.

आता वजन. पंचावन्न किलोचा आणि नव्वद किलोचा असे दोन मित्र एकाच दिवशी शिकायला लागले, तरी त्यांना एकच बूट चालणार नाही. जड माणूस मऊ कफ सहज दाबून टाकतो, म्हणून त्याने त्याच पातळीतला दहा-वीसने वरचा आकडा घ्यावा, हलक्याने खालचा. उंच माणसाचा तरफेचा दांडा लांब, त्यामुळे त्याचाही जोर जास्त पडतो. मात्र गड चढून कमावलेला दम म्हणजे स्कीइंगची पातळी नव्हे. पायात बळ आहे म्हणून पहिल्याच वर्षी ११० मागणारे ट्रेकर शिकणे लांबवतात.

शिवाय हा आकडा सर्व कंपन्यांनी मिळून ठरवलेला नाही. एकाचा ९० दुसऱ्याच्या १०० इतका कडक असू शकतो. थंडीचाही परिणाम होतो. बुटाचे बाहेरचे प्लास्टिकचे कवच, म्हणजे शेल, उबदार खोलीत मऊ पडते आणि उणे दहा अंशांत कडक होते. त्यामुळे पुण्यात कुणा मित्राचे बूट घालून ‘फारच मऊ आहेत’ असे वाटले, तर लगेच ते बाद करू नका.

बूट घालून पाहताना

आधी मापाचे बघा. स्की बूट पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर मोजतात, २६.५ सेंमी पाय म्हणजे २६.५ नंबर. आतला लायनर काढून नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटे पुढे टेकवा. टाचेमागे साधारण दीड-दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. चवडा रुंद असेल तर तसे सांगा. बुटाच्या साच्याची रुंदी साधारण ९८ ते १०४ मिलिमीटर असते.

मग लायनर घालून टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा आणि घोट्याजवळचे बकल आधी लावा. थर्मलची किनार किंवा पँटचा काठ बुटात अडकू देऊ नका, तासाभरात नडगीवर वळ उठतो. ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकावा, गुडघे वाकवल्यावर तो मागे सरावा. टाच उचलली गेली तर बूट मोठा आहे. आता नडगीने दाबा. विरोध जाणवत गुडघा पावलाच्या बोटांच्या वर पोहोचला तर फ्लेक्स जुळला. कफ हललाच नाही तर खालचा आकडा मागा आणि त्यात कमीपणा मानू नका. उकिडवे बसताना ज्यांच्या टाचा उचलल्या जातात, त्यांचे घोटे कमी वाकतात. त्यांना टाचेखाली छोटी पट्टी घालून फरक पडतो.

शेवटी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा. ती किती जोराला सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची पातळी यांवरून लावतात. वजन चोरून सांगितले तर स्की नको तेव्हा निसटते. ‘मला चांगले येते’ अशी फुशारकी मारली तर पडल्यावरही ती सुटत नाही आणि सगळा पीळ पायावर येतो.

विकत घ्यायचेच असेल तर आधी एक मोसम भाड्याच्या बुटांवर काढा आणि कोणता आकडा पायाला मानवला ते नोंदवून ठेवा. पुढे पैसे असतील तेव्हा स्कीच्या आधी बूट घ्या. स्की भाड्याने कुठलीही चालते, पण पायाला बसलेला बूट प्रत्येक भाड्याच्या दुकानात मिळेलच असे नाही.