नवा कॅमेरा घेण्यापूर्वी जुना एकदा उघडून पाहा

रमजान ईद झाली की कोकणात लग्नांची गर्दी सुरू होते आणि स्टुडिओवाल्यांना जेवायला वेळ मिळत नाही. अशाच गर्दीच्या दिवसांत रायगड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे स्टुडिओवाले आमच्याकडे आले. वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ, पासपोर्ट फोटोपासून लग्नापर्यंत सगळी कामे, वर्षाकाठी चाळीसेक लग्ने. हातात नव्या मिररलेस कॅमेऱ्याचे माहितीपत्रक होते आणि चेहरा उतरलेला होता.

"साहेब, जुना सगळा सेट विकून टाकतो. आता नवाच घ्यायचा. हप्त्याचे कसे करावे तेवढे सांगा," म्हणाले.

हप्त्याचे नंतर पाहू, आधी झाले काय ते सांगा, असे आम्ही म्हटले. झाले होते ते असे. एका वलिम्याला मुलाची आजी, जी दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली होती, तिला खुर्चीवर बसवून हॉलमध्ये आणले होते. साऱ्या घराण्याने तिच्याभोवती उभे राहून फोटो काढून घेतला. रात्री घरी येऊन कार्ड संगणकाला लावले तर ते उघडेना. गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवला, काही फोटो परत मिळाले, पण त्यांत आजी नव्हती. पार्टी काही वाईट बोलली नाही. यांनीच आपण होऊन निम्मे पैसे परत केले. "पण त्या घरासमोरून जाताना मान वर होत नाही," असे ते म्हणाले.

त्यांच्याकडचा कॅमेरा निकॉन डी७५०. हा २०१४ साली बाजारात आला. फुल फ्रेम सेन्सर, २४ मेगापिक्सेल आणि कार्डाचे दोन स्लॉट. दोन स्लॉट म्हटल्यावर आम्ही विचारले, दुसऱ्या स्लॉटात कार्ड होते का? होते. मग फोटो गेले कसे? तिथेच कॅमेरा चालू करून मेनू उघडला. दुसऱ्या स्लॉटाचे काम काय, हे ठरवण्यासाठी त्यात तीन पर्याय असतात. पहिले कार्ड भरले की दुसऱ्यावर जाणे, प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरवणे, किंवा एकावर रॉ आणि दुसऱ्यावर जेपेग. त्यांचा कॅमेरा पहिल्या पर्यायावर होता, म्हणजे 'ओव्हरफ्लो'वर. 'बॅकअप' हा शब्द त्याच्याच खाली होता. इतकी वर्षे कॅमेरा वापरला, पण त्या ओळीवर बोट कधी गेले नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एवढ्यावरून नवा कॅमेरा घेऊच नका, असे आम्ही सांगणार नाही. २०२० नंतर निकॉन आणि कॅनन या दोघांनीही आरशाचा, म्हणजे डीएसएलआर जातीचा, नवा कॅमेरा काढलेला नाही. पुढचा रस्ता मिररलेसचाच आहे. पण ज्या दुखण्यासाठी ते दोन लाखांचे औषध घ्यायला निघाले होते, ते दुखणे नव्या कॅमेऱ्यातही तसेच राहिले असते. किंबहुना वाढलेही असते. निकॉनचे पहिले झेड६ व झेड७ आणि कॅननचा ईओएस आर हे तिन्ही २०१८ साली आले आणि तिन्हींना कार्डाचा एकच स्लॉट होता. त्याच वर्षीच्या सोनी ए७ मार्क तीनला दोन होते. निकॉनने झेड६ मार्क दोनमध्ये आणि कॅननने आर६ मध्ये, म्हणजे २०२० साली, दोन स्लॉट दिले. तेव्हा जुन्या बाजारात पहिला झेड६ हाताला लागतो म्हणून डी७५० विकणारा माणूस लग्नाच्या कामात एक पायरी खाली उतरतो. निकाह पुन्हा लावता येत नाही. लग्नाच्या कामाला दोन स्लॉट आधी, बाकी सारे मागून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मेगापिक्सेल. दुकानदार पहिला आकडा हाच सांगतो. आपल्याकडे लग्नाच्या आल्बमचे उघडलेले पान बहुधा १२ बाय ३६ इंचांचे असते. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. तो एकच फोटो ३६ इंच पसरवला तरी इंचाला १६६ ठिपके मिळतात, आणि मांडीवर आल्बम ठेवून पाहणाऱ्याला ते पुरतात. एका पानावर चार-पाच फोटो असले तर प्रश्नच नाही. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर फाइलीही जवळपास दुप्पट मोठ्या होतात, म्हणजे कार्डे मोठी, हार्ड डिस्क मोठी आणि संगणकही नवा. मोठी होर्डिंगे किंवा दागिन्यांचे बारीक काम टिपणाऱ्याला ते ठिपके लागतील. लग्नवाल्याने त्यासाठी पैसे मोजू नयेत.

अंधुक हॉलमधल्या फोटोंचेही तसेच. ज्याच्याकडे लहान सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा आहे, त्याला फुल फ्रेमवर जाण्यात खरा फायदा आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर क्षेत्रफळाने लहान सेन्सरच्या सव्वादोन पटींहून अधिक भरतो आणि तितका जास्त प्रकाश गोळा करतो. पण जो आधीच फुल फ्रेमवर आहे, त्याला नव्या कॅमेऱ्यात या बाबतीत फार मोठा फरक दिसणार नाही. तेवढ्या पैशांत एक चांगला फ्लॅश आणि एफ १.८ ची लेन्स अधिक उजेड देते. बॉडीतील स्थिरीकरणाचेही बरेच कौतुक होते. ते फोटोग्राफरचा हात हलला तर सांभाळते, समोर धावणारे पोर हलले तर नाही.

खरी कमाई आहे ती फोकसमध्ये. डी७५० ला फोकसचे ५१ बिंदू आहेत, पण ते सगळे चौकटीच्या मध्यावर गोळा झालेले. नवरी कडेला बसली असेल तर आधी तिच्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा सरकवायचा. तेवढ्यात ती मान वळवते. मिररलेसमध्ये फोकसची जागा जवळजवळ साऱ्या चौकटीवर पसरलेली असते आणि कॅमेरा डोळा ओळखून त्याला धरून राहतो. वाया जाणारे फोटो कमी होतात. मात्र नवरदेवाच्या चेहऱ्यावर फुलांचा सेहरा असला की डोळाच दिसत नाही. तेव्हा एक बिंदू निवडून जुन्या पद्धतीनेच काम करावे लागते.

दुसरा फायदा आवाजाचा. मशिदीत निकाहचा खुत्बा चालू असताना आरशाची खटखट सर्वांच्या कानावर जाते. मिररलेसचे मूक शटर अजिबात वाजत नाही. पण त्याचीही खोड आहे. एलईडी दिव्यांच्या हॉलमध्ये मूक शटरने काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे उमटू शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिच्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवले तर त्रास बराच कमी होतो, तरी पहिले दोन-चार फोटो मोठे करून पाहावेत. व्हिडिओचे काम घेणाऱ्यांनी हेही विचारावे की सलग किती वेळ चित्रण होते. पूर्वीचे पुष्कळ कॅमेरे तीस मिनिटांच्या आत आपोआप थांबत. नव्यांपैकी काही छोट्या बॉडी ४के चित्रण करताना तापून बंद पडत, याची २०२० साली बरीच चर्चा झाली होती.

बॅटरीत मात्र नुकसान आहे. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीत डी७५० ची बॅटरी १२३० फोटो देते, पहिल्या झेड६ ची ३१०. प्रत्यक्षात दोन्ही यापेक्षा जास्त देतात, पण प्रमाण ध्यानात घ्यावे. खिशात तीन बॅटऱ्या लागतील. डी७५० च्या जुन्या बॅटऱ्या झेड६ मध्ये बसतात, एवढे बरे.

आणि आता लेन्स. आमच्या या स्टुडिओवाल्यांचा सगळा बेत इथे अडला. त्यांच्या कपाटात तीन लेन्स होत्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली २४-१२०, एक ८५ एफ १.८ डी, आणि वडिलांनी रोलच्या जमान्यात घेतलेली ८०-२०० एफ २.८ डी. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आलेला, त्यामुळे फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी घेतलेली लेन्स डी७५० वर बिनबोभाट चालत होती. या डी जातीच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असते आणि ती पेचकसासारखी लेन्स फिरवते. झेड कॅमेऱ्यांत ही मोटर नाही आणि निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. म्हणजे तीनपैकी दोन लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लागतील, पण फोकस हाताने करावा लागेल. माहितीपत्रकात 'जुन्या लेन्स चालतात' असे छापलेले होते आणि ते खोटे नव्हते! कॅननवाल्यांना ही अडचण नाही. १९८७ च्या ईएफ माउंटपासून मोटर लेन्समध्येच असल्याने त्या अ‍ॅडॉप्टरवर व्यवस्थित फोकस करतात.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपल्या बाजारातील घालावेत. समजा बॉडी १,५०,०००, अ‍ॅडॉप्टर २०,०००, दोन बॅटऱ्या १०,०००, कार्डे २०,००० आणि ८५ च्या जागी नवी लेन्स ५०,०००. झाले अडीच लाख. जुना माल ६०,००० ला गेला तर खिशातून १,९०,००० जाणार. वर्षाला ४० लग्ने आणि कॅमेरा तीन वर्षे वापरला, तर एका लग्नामागे सुमारे १,५८० रुपये. आम्ही विचारले, नव्या कॅमेऱ्यामुळे पार्टी लग्नामागे तेवढे जास्त देईल का? की तेवढे तुमच्या मजुरीतून जातील? ते म्हणाले, व्हिडिओची ऑर्डर जोडून मिळाली तर देईल, नाहीतर नाही. आमच्या मते हे उत्तर प्रामाणिक होते.

हप्त्याबद्दल. पुष्कळ बांधवांना व्याज नको असते, म्हणून ते 'नो कॉस्ट' हप्ता घेतात आणि निर्धास्त होतात. त्या योजनेत बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत देते, आणि क्रेडिट कार्डावरच्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. दुकानदाराला सरळ विचारावे, की हप्ता नको, ती सूट रोखीच्या किमतीत द्या. बरेचदा मिळते.

दुबईहून भाऊ किंवा मेहुणा कॅमेरा आणतो, तोही मार्ग आपल्याकडे जुना आहे. स्वस्त पडेलही. पण भारतातील हमी लागू आहे का, हे लेखी विचारावे, विमानतळावरच्या शुल्काचा विचार करावा, आणि जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डिजिटल कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के कर आहे, त्यापूर्वी २८ होता. दीड लाखाच्या पक्क्या बिलात सुमारे २२,८८० रुपये कराचे असतात आणि नियमित करदात्याला त्यांचा परतावा पुढच्या करातून वळता करता येतो. कंपोझिशनवाल्यांना ही सवलत नाही. बिनबिलाचा माल घेताना हा फरक आधी वजा करावा.

जुनी लेन्स घेणाऱ्यांसाठी कोकणापुरती एक सूचना. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. मागून टॉर्च लावून आरपार पाहावे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर हात लावू नये.

जाता जाता कारीगरांसाठी. जरीचे काम, फर्निचर, इमिटेशन दागिने यांचे फोटो काढून ग्राहकाला पाठवणाऱ्या बांधवांनी वरचे बहुतेक विसरावे. माल जागचा हलत नाही. तिपाई, खिडकीचा मऊ उजेड आणि रंग जुळवण्यासाठी एक करडे कार्ड एवढ्यावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा कॅमेरासुद्धा स्वच्छ फोटो देतो. कापड परत येते ते बहुधा रंग वेगळा दिसला म्हणून, मेगापिक्सेल कमी पडले म्हणून नव्हे.

स्टुडिओवाल्यांनी अखेर सेट विकला नाही. दोन नवी कार्डे घेतली, दुसरा स्लॉट 'बॅकअप'वर टाकला आणि दोन स्लॉटांचा मिररलेस भाड्याने आणून दोन कार्यक्रम केले. मशिदीतले फोटो त्यांना फार आवडले, हॉलमध्ये पट्टे आले. मोहरममध्ये लग्ने थांबली की वापरलेली बॉडी पाहायची आणि डी७५० हाताशी दुसरा कॅमेरा म्हणून ठेवायचा, असे त्यांनी ठरवले आहे. ८५ विकायला काढली. ८०-२०० ची किंमत अजून कोणाला सांगितलेली नाही. ती वडिलांनी घेतलेली आहे.