माळावर खाण काढण्याआधी

गावाला रस्ता हवा. रस्त्याला मुरूम हवा, खडी हवी. ती आणायची कुठून? गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. तिथे पीक येत नाही, मोठे झाड नाही. मग चावडीवर ठरते, खाण माळावरच काढू. तिथे आहे तरी काय? दगड आणि कुसळं!

असे आपण सहज बोलून जातो. पण माळ खरेच रिकामा आहे का? ते बघायचे कसे, हे आज आपण समजून घेऊ.

सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या बाजूचा एखादा माळ घ्या. मे महिन्यात भर दुपारी कुणी पाहणीला आले, तर त्यांना काहीच दिसणार नाही. ऊन इतके असते, की प्रत्येक जीव सावली धरून बसलेला असतो. पाहणारा लिहून जातो, 'इथे काही नाही.' तो खोटे लिहीत नाही. त्याची वेळ चुकली, एवढेच.

आता त्याच माळावर पहाटे चला. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली, की तिथेच थांबा. तिची अंडी जवळपास आहेत. बहुधा चार असतात, उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाची. पायाशी असली तरी दिसायची नाहीत. मग जेसीबी चालवणाऱ्याला ती कुठून दिसणार?

भट तितराचे बघा. काही ठिकाणी त्याला पखुर्डी म्हणतात. तोही जमिनीवरच अंडी घालतो. पिले लहान असताना नर सकाळी पाणवठ्यावर जातो, पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि उडत पिलांकडे येतो. पिले त्या ओल्या पिसांतले पाणी चोखतात! म्हणजे खाण घरट्यापासून लांब काढली आणि तिच्या गाळाने पाणवठा बुजला, तर अंडी वाचूनही पिले तहानेने जायची. म्हणून नुसता खाणीचा तुकडा बघून भागत नाही. आसपासचे पाणी बघावे लागते.

हिवाळ्यात पुन्हा चला. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी मध्य आशियातून आपल्याकडे येतो. तो नाकतोडे खातो आणि रात्री गवतातच, जमिनीवर बसतो. मे महिन्याच्या पाहणीत तो सापडेलच कसा? याच दिवसांत लांडगी ओढ्याकाठच्या बिळात पिले घालते. लांडगा म्हटला की मेंढरेवाल्याच्या कपाळाला आठी पडते, ते खरेच आहे. पण माळावरचे ससे, हरणे खाणीच्या आवाजाने पळाली, तर तो आणखी कुणाकडे येणार?

माळ हातचा गेला की काय होते, ते माळढोकाला विचारावे. पण विचारायला तो उरलाय कुठे? सोलापूरजवळ नान्नजच्या माळासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. हा पक्षी बहुधा एकाच वेळी एकच अंडे घालतो, तेही जमिनीवर. शिकार झाली, माळ नांगरले गेले, तुटले. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

आता खाणीचा हिशेब करू. अडीच एकर जागा दहा फूट खोल खणली, तर साडेदहा हजारांहून जास्त ब्रास माल निघतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास. खेपेला चार ब्रास धरले, तरी अडीच हजारांहून जास्त खेपा. गाडी भरून जाते आणि रिकामी परत येते. म्हणजे पाच हजार वेळा धूळ आणि घरघर! खड्डा अडीच एकरांचा, पण त्रास वाटेच्या दोन्ही अंगांना.

अशा लहान खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले. त्याआधी पाच हेक्टरांहून लहान खाणी बहुधा त्यातून सुटून जात. कागद आला, की ग्रामसभेत विचारा : पाहणी कोणत्या महिन्यात केली? रात्री कुणी गेले होते का? मेंढपाळाला विचारले का?

मेंढपाळ वर्षभर माळावर असतो. बीळ कुठे, पाणी कुठे, पाऊलखुणा कुणाच्या, हे त्याला ठाऊक असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावात समिती नेमून अशा माहितीची नोंदवही ठेवायची आहे. तुमच्या पंचायतीत ती वही कुठे आहे, ते एकदा बघा. नसेल तर धरा पेन्सिल. तारीख, वेळ, जागा आणि पाहिलेले एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

आम्ही रस्त्याच्या विरुद्ध नाही. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला रस्ता लागतोच. पण आधी उकरलेली जागा असेल, तर खड्डा तिथेच वाढवावा. अंड्यापिलांच्या दिवसांत खोदू नये. रात्री काम नको. वरची वीतभर माती बाजूला ठेवून शेवटी परत पसरावी, म्हणजे पवन्या-मारवेल पुन्हा उगवेल आणि गुरांनाही चारा होईल. काठ उतरते करावेत, नाहीतर जनावर पडून आतच राहते.

एखादी मऊ दरड मात्र उभी राहू द्यावी, पण लोकांच्या वाटेपासून दूर. तिच्यात वेडा राघू चोचीने बीळ कोरून अंडी घालतो.