ठिणगी येते कुठून?

मॅग्नेटो : बॅटरीची गरज नाही. किक मारताच फिरणारं आर्मेचर स्वतःच वीज तयार करतं. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनच्या जुन्या ट्विन (दोन सिलिंडरच्या) मोटरसायकलींवर लुकासचा के-टू-एफ मॅग्नेटो असे. त्याच्या पॉइंटमधली (उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधली) फट ०.०१२ इंच.

दुखणं : मॅग्नेटोतला कंडेन्सर म्हातारा झाला, की थंड गाडी पहिल्या किकला सुरू होते, तापलेली मात्र घाम काढते.

बदल : १९६३च्या मॉडेलपासून ट्रायम्फ बॉनव्हिलने मॅग्नेटो सोडून बॅटरी-कॉइल घेतली.

इलेक्ट्रॉनिक : पॉइंटच नाहीत, त्यामुळे झीज नाही. वेग वाढला की ठिणगीची वेळ आपोआप पुढे सरकते. पण बॅटरी उतरली, की गाडी ढकलत घरी!

सुवर्णमध्य : मॅग्नेटोच्याच आकाराच्या खोक्यात बसवलेलं, स्वतःची वीज स्वतः बनवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट.